नाव न घेता केलेली प्रार्थना

पाप धुऊन काढायचं सामर्थ्य या जगात दोनच गोष्टींत आहे, सत्यात आणि प्रेमात! मलकापूरच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच शमुवेल सातपुते बुधवारच्या प्रार्थनासभेत असं म्हणाले, आणि लगेच या दोन्हींपेक्षा सोयीच्या वाटेनं निघाले. त्यांनी डोळे मिटले.

"हे दयाळू पित्या, आमच्यातला एक भाऊ सकाळीच पिऊन गाडी चालवतो. गाडीत शाळेची लेकरं असतात. प्रभू, त्याचं नाव मी घेणार नाही."

घ्यायची गरजच नव्हती. मंडळीत शाळेची गाडी चालवणारा एकच, आप्पासो. शमुवेलचा लहानपणापासूनचा मित्र. तो शेजारच्याच खुर्चीवर डोळे मिटून बसला होता. "आमेन" म्हणून सगळ्यांनी डोळे उघडले, तेव्हा खुर्ची रिकामी होती.

तशी आपल्याकडं ही रीतच आहे. सून ऐकेना झाली की सासू सभेत तिच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना करते. निरोप प्रभूमार्फत पुढच्या बाकावर पोचतो.

आप्पासो सभेला यायचा बंद झाला. फोन उचलेना. गाडी मात्र तशीच चालवत राहिला. रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी एक भाकरी वाटून खायची. मनात तेढ ठेवून भाकरीला हात लावू नये, असं शमुवेलच दर वेळी सगळ्यांना बजावायचे. ते एस्तेरबाईंकडं गेले. मिरजेत जन्मभर नर्स म्हणून राबलेल्या बाईंना मंडळीत सगळेच वचकून असत.

"बाई, मी खोटं बोललो का?"

"न्हाई. पन खरं भलत्यालाच सांगितलंस. देवाला ठावं हुतंच की! आप्पासोला सांगायचं हुतं."

"तो चिडला असता."

"चिडू द्यायचा. भांडायची तरी सोय ठिवायचीस. डोळं मिटलेल्या मानसाला मारलंस रं तू! आदी एकट्यानं त्याच्या दारात जायचं, हे प्रभूनं काय आमाला बायकांनाच सांगितलंय?"

शमुवेल तडक निघाले. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं आप्पासोच्या अंगणात पोचेपर्यंत विसरली. आप्पासो उंबऱ्यावर बसला होता. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

"आप्पासो, चुकलं माझं. चारचौघांत तुझं नाव..."

"नाव कुठं घेतलंस?"



"माफ कर रं."

"केलं की कवाच. प्रभूनं आपल्याला दुसरी सोय ठिवलीय व्हय? पन सभेला यावंसं वाटंना गड्या. कुनी डोळं मिटलं की भ्या वाटतंय."

माफी मिळाली होती. आता निघता आलं असतं. शमुवेल निघाले नाहीत.

"आनि एक. तू पितोस, आन् गाडीत लेकरं असत्यात. हे तुला तोंडावर सांगायला मी भ्यालो. उद्यापासनं गाडीला हात लावू नगं. लावलास तर पोरांच्या घरी जाऊन सांगीन, आन् तुला सांगून जाईन."

आप्पासो लालबुंद झाला. उठला. आता हाणतोय, असं शमुवेलना वाटलं. त्यानं खिशातली किल्ली काढून त्यांच्या हातावर आपटली.

"सिद्धूला दे. धाकटा भाऊ हाय माजा, पन शुद्धीत असतोय." मग परत उंबऱ्यावर बसला. "दारू सुटायची न्हाई रं मला. लय डाव सोडून बघितली."

"कशी सुटंल, मला बी म्हाईत न्हाई. पन रोज येत जाईन."

 

वाचकहो, माणसाची चूक त्याच्या पाठीमागं देवाला सांगणं सोपं आहे. देव उलट बोलत नाही. खरा सोबती तो, जो समोर येऊन सांगतो आणि सांगितल्यावरही तिथंच उभा राहतो!

शमुवेल असेच उभे होते, डोळे पुसत. आप्पासो हळूच म्हणाला,

"एक ऐकशील?"

"सांग की, काय बी सांग!"

"पाय उचल. बायकूनं कुरडया वाळत घातल्यात."