बुधीच्या हातचे पाणी

बुधीला शेवटचे फेफरे येऊन चौदा महिने सहा दिवस झाले होते. हा आकडा सगळ्या वाडीत एकट्या ललिताला ठाऊक होता, कारण दिवस तिने मोजले होते. कशेळ्याहून जीप, पुढे पाऊण तासाचा चढ आणि पिशवीत महिनाभराच्या गोळ्या, अशा सोळा खेपा उपकेंद्राच्या या परिचारिकेने केल्या होत्या. तरीही आजचा बोकड पोशा भगताच्या नावाने पडला होता.

"मानाची मुंडी पोशाबाबाची!" बुधीचा नवरा शुक्रा पुन्हा पुन्हा सांगत होता. "त्येंच्या दोऱ्यानं माजी बायको हुबी ऱ्हायली."

मांडवात बसलेल्या ललिताच्या छातीत काहीतरी जळजळले. लक्षणांना नावे देण्याचे शिक्षण तिने घेतले होते. या लक्षणाचे नाव मत्सर, हे तिला लगेच कळले. नाव कळल्याने उतार मात्र पडला नाही.

पोशाने केले होते काय? बुधीच्या दंडाला एक काळा दोरा बांधला होता, तोही झटके थांबल्यावर तीन आठवड्यांनी. आधी गोळ्या, मग झटके थांबले, मग दोरा, असा साधा क्रम होता. वाडीने तो सोयीने उलटा लावला होता.

"खा ना शिस्टर, लाजता काय?" शुक्राची आई, चिंधी, पत्रावळ पुढे करत म्हणाली.

"मावशी, गोळ्यांचं कुणी नावच घेत नाही."

"घेतो की! पन गोळ्या काय, डोकं दुकलं तरी तुमी देता."

सगळे हसले. ललिता हसली नाही.

"मग दोरा सोडा," ती म्हणाली. आवाज ठरवला होता त्यापेक्षा चढा लागला. "एक महिना. गोळ्या चालू ठेवू आणि बघू काय होतं ते."

पोशाने तंबाखू मळणे थांबवले नाही.

"सोडू की, शिस्टरबाई. आपली ना नाय," तो सावकाश म्हणाला. "मंग फुडल्या म्हयन्यात तुमच्या गोळ्या सोडू, दोरा ऱ्हाऊ दे. परीक्षा घ्यायची तर दोगांची घ्या."

"आदी गोळ्याच सोडू!" शुक्रा उठून उभा राहिला. "रोज दोन टायमाची कटकट ती. आजपास्नं बंद!"

या परीक्षेचा निकाल तिथे फक्त ललिताला माहीत होता. गोळ्या अशा एकदम तोडल्या तर बंद झालेले झटके परत येतात, कधी कधी एकामागून एक, मध्ये शुद्धही न येता. आठ दिवस, फार तर पंधरा. मग साऱ्या वाडीसमोर दोरा नुसता दोरा ठरला असता. तिने फक्त 'ठीक आहे' म्हणायचे होते. शब्द ओठांपर्यंत आले. त्यांची चव गोड होती, हे तिला नंतरही नाकारता आले नाही.

तेवढ्यात बुधी पाण्याचा हंडा घेऊन पंगतीत आली. तिच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा चकचकीत डाग होता. दोन वर्षांपूर्वी झटका आला तेव्हा ती चुलीत पडली होती. त्या जखमेची पट्टी ललितानेच महिनाभर बदलली होती. तेव्हा बुधीची थाळी वळचणीला टांगलेली असे आणि तिच्या तोंडचा फेस लागेल म्हणून पाणवठ्यावर बाया तिला शेवटी उभे करत. हा रोग लागत नाही, हे ललिताने वाडीला तक्ता लावून समजावले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या आणि बुधीच्या हातचे पाणी कोणीही प्यायले नव्हते. दोरा बांधला त्या दिवशी मात्र पोशाने चारचौघांत बुधीकडे पाणी मागितले आणि गटागट प्यायला. दुसऱ्या दिवसापासून सगळे पिऊ लागले. ही नोंद ललिताच्या वहीत नव्हती.

बुधी तिच्यापुढे थांबली. "शिस्टर, बंद करू काय गोळ्या? तुमी सांगाल तसं."

पोशाकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

"नाही," ललिता म्हणाली. "एकही गोळी चुकवायची नाही. दोराही राहू दे."

"म्हंजे शिस्टर घाबरल्या!" शुक्राने शेजाऱ्याला टाळी दिली.

खुलासा करता आला असता. पण खुलाशातून वाद, वादातून पुन्हा परीक्षा आली असती.

"हो," ती म्हणाली. "घाबरले."

दिवसभरात तिने केलेले हे सर्वांत अचूक विधान होते. मांडव खदखदून हसला.

"ए, गप रं," पोशाने शुक्राला दटावले. "मुंडीतला भेजा शिस्टरना वाढ. डोक्याचं काम त्येंचं हाय."

हशा आणखी वाढला. भेजा ललिताच्या पत्रावळीवर आला. रस्सा उत्तम झाला होता, आणि तेही तिला सहन झाले नाही. तो बुधीने रांधला होता, सकाळपासून चुलीपाशी एकटीने बसून.

ललिताने भाकरी मोडली, बुधीने ओतलेले पाणी प्यायले आणि पोशाच्या पानाकडे पाहिले. तिथे मानाच्या मुंडीतले अजून बरेच उरले होते.