कापलेल्या कडा

छोटीच्या हातात नमुन्याचा तुकडा मोडला तेव्हा साधा आवाजही झाला नाही. वरून फळी कशी गुळगुळीत, नवीकोरी. आत मात्र भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लगदा.

आता ही छोटी म्हणजे काही लहान नव्हे हं. केस पिकायला लागलेली बाई. पण मोठ्या भावाने ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. समुद्राच्या पाण्याने भरलेल्या टाक्यांत वस्तू बुडवून त्या किती टिकतात ते पाहायचं, हे तिचं प्रयोगशाळेतलं काम. तागाचे धागे आणि कुजणारं प्लास्टिक मिळून केलेली ही फळी तिनेच पास केली होती. मग समुद्रातल्या मासेपालनाच्या पिंजऱ्यांभोवती त्याच फळ्यांची पायवाट झाली, आणि त्या वाटेवरून माशांना खाद्य टाकत फिरायचा तिचा दादा. पोहता न येणारा. "तुझी फळी आहे ना पायाखाली, मग पोहणं शिकून काय लोणचं घालू?" असं वर तोंड करून म्हणायचा.

चूक कुठे झाली ते तिला लख्ख दिसलं. नमुना कापला की कापलेल्या कडांना लेप लावायचा, ही प्रयोगशाळेची जुनी रीत. त्याने मोजमाप नीट येतं. पण तिकडे सुतार फळ्या करवतीने कापणार, बोल्टासाठी भोकं पाडणार, आणि लेप कोण लावणार, कपाळ? धाग्यांच्या उघड्या टोकांतून पाणी आत शिरणार, धागे फुगून प्लास्टिकपासून सुटणार, आणि मग पाण्यातले जंतू आहेतच ताव मारायला. या एका तुकड्याचा लेप कोपऱ्यावर खरवडला गेला होता म्हणून तरी कळलं. एवढी साधी गोष्ट कुणाच्याच डोक्यात येऊ नये? तिच्याही आली नव्हती.

दादा फोन उचलेना. उचलणार कसा, ओल्या कामाला जाताना सगळे फोन किनाऱ्यावर ठेवून जातात. ती तशीच धक्क्यावर धावली आणि समोर दिसलेल्या नावेत बसली. "पिंजऱ्यांकडे चला. लवकर."

पायवाटेच्या पार टोकाला दादा दिसला, खाद्याची पिशवी खांद्यावर. ती नावेतच उभी राहिली. "दादा, हलू नकोस! आडवा पड!"

वाऱ्यात त्याला शब्द काही ऐकू गेले नाहीत. दिसलं एवढंच, की समुद्राकडे कधी न फिरकणारी बहीण नावेत उभी राहून हातवारे करतेय. घरी आई अंथरुणाला खिळलेली. त्याने पिशवी टाकली आणि तिच्याकडे धावत सुटला.

वाटेतली एक फळी गेली, आणि तिच्याबरोबर दादाही.

नावाडी हुशार म्हणून बरं. त्याने झपाट्याने नाव तिथे नेऊन आकडीची काठी पुढे केली, दादाचा सदरा आकडीत अडकला, आणि दोघांनी जिवाच्या कराराने त्याला ओढून नावेत घेतलं. खोकत, पाणी ओकत त्याने पहिलं विचारलं, "आई?"

"आई बरी आहे रे." छोटीला रडूच फुटलं. "फळ्या कुजल्यात, दादा. मी पास केलेल्या. सगळ्याच."

दादाने मान वळवून पाहिलं. तो पाण्यात पडलेला दिसताच पलीकडच्या पिंजऱ्यांवरचे त्याचे सोबती त्याला वाचवायला फळ्यांवरून धावत येत होते.