अमृतात सुरू केलेली गाडी

पारोळा सोडल्यावर चढ नाही, वळण नाही, तरी गाडीनं तिथंच दम टाकला होता. आधी बारीक शिट्टी, मग मागून निळा धूर, मग बैलगाडीची चाल. ओढत धुळ्याला अभिमनच्या गॅरेजात आणली तेव्हा त्यानं बोनेट उघडून सांगितलं, "शेठ, हिला दोन टर्बो आहेत. लहान ठीक आहे. मोठा गेला."

टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, हे फुलचंदशेठना त्या दिवशी कळलं. गाडी त्यांच्या मुलाची, श्रेयांसची. पण घरातलं कुठलंही यंत्र दुरुस्त होऊन आलं की पहिलं बटण दाबायचं शेठनीच, आणि तेही चौघडिया, म्हणजे अमृत, काळ अशा शुभ-अशुभ वेळा, बघून. जळगावच्या पेढीवरचा वजनकाटासुद्धा त्यांनी तसाच सुरू केला होता.

म्हणून गुरुवारी ते स्वतः आले. बरोबर पत्नी लाडकुंवर आणि म्हातारा ड्रायव्हर नथ्थू. नवा टर्बो बसला होता. अभिमननं त्यात हातानं तेल सोडून पंखा बोटानं फिरवून पाहिला होता. हवा आत ओढायचा पुढचा पाइप तेवढा अजून सुटाच होता.

"झाली ना?" शेठनी विचारलं.

"एक काम बाकी. जुन्या टर्बोनं तेल ओकलंय. ते पुढं हवा थंड करायच्या इंटरकुलरमध्ये साचलं असेल. खोलून धुतो. तासभर द्या."

शेठनी घड्याळ पाहिलं. "अमृत संपत आलं रे. पुढं काळ लागतो. काळात मी बटण दाबणार नाही."

"मग काळ संपल्यावर दाबा."

"आणि घरी पोचायचं कधी? ही सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब घेत नाही. बाहेरचं खात नाही. सकाळपासून उपाशी आहे."

"माझं नाव पुढं करू नका," लाडकुंवर म्हणाल्या. "मला भूक नाही. तुम्हालाच घाई."

नथ्थू हसला. शेठ हसले नाहीत. त्यांनी तोड काढली. "हे बघ अभिमन. आत्ता फक्त सुरू करू. लगेच बंद. मग तू काळात धुवत बस. सुरू तर अमृतात झाली ना!"

अभिमननं हातातला पाना पुसला, ठेवला, परत उचलला. "थोडा वेळही नको, शेठ."

"अरे, शिंक येते तेवढा वेळ. तुझ्या धंद्याचंही भलंच होईल."

अभिमननं पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "सुरू, आणि लगेच बंद. पाय ब्रेकवर. बाकी कशाला हात नाही."

गाडी तोंडानं भिंतीकडे लावलेली होती. बोनेट उघडं असल्यानं शेठना समोरचं काहीच दिसत नव्हतं. बोनेटच्या खालच्या फटीतून तेवढे अभिमनचे हात दिसत होते. लाडकुंवर मागच्या सीटवर बसल्या. शेठनी नवकार मंत्र म्हटला आणि बटण दाबलं.

इंजिन पहिल्याच हाकेला बोललं. शेठना बरं वाटलं. त्यांनी बंद करायला पुन्हा बटण दाबलं.

गाडी बंद झाली नाही.

आवाज चढला. शेठनी पुन्हा दाबलं, मग दाबूनच धरलं. वेगाच्या काट्याजवळचे दिवे विझले, पण इंजिन चढतच गेलं. पायाखालची पत्र्याची जमीन थरथरू लागली. मागून धुराचा लोट उठला आणि शेडभर पसरला.

"तेल पितेय!" अभिमन ओरडला. "ती साचलेलं तेल पितेय, शेठ! बटणानं नाही थांबायची!"

"मग कशानं?"

"हवा तोडतो! हलू नका!"

फटीतले हात दिसेनासे झाले. शेठना वाटलं, पळाला. मग बाजूच्या खिडकीतून, धुरात, लाकडी पाट दिसला, मेकॅनिक लोक खाली बसायला घेतात तसला, आणि तो पाट दोन्ही हातांनी धरून अभिमन बंपर आणि भिंतीच्या मध्ये शिरला. हवा ओढायचं तोंड तिथंच होतं, पुढच्या जाळीपाशी. त्या जागेत माणूस जेमतेम आडवा मावत होता.

खिडकीशी नथ्थू आला. त्याची हयात ट्रकवर गेलेली. "शेठ, गियरमा टाका! ब्रेक दाबीसन गियरमा टाका, बंद पडी जाई!"

शेठचा हात दांड्याकडे गेला. नथ्थूचं त्यांनी ऐकलं नाही, असं कधी झालं नव्हतं. बावीस मैलांचा चिखल असो की नदीचं पाणी, नथ्थूनं सांगितलं तसं केलं की गाडी निघत असे. पण ही गाडी क्लचची नव्हती, गियरमध्ये टाकली तर बंद न पडता पुढं झेपावेल, हे त्यांना अंधुक ठाऊक होतं. आणि समोर माणूस होता.

"हात लावू नका!" समोरून आवाज आला. तो आता ओरडा राहिला नव्हता, विनवणी होती. "शेठ, दांड्याला हात नका लावू!"

"टाका हो! इंजिन फुटी जाई, आग लागी!" नथ्थूनं खिडकीतून अर्धं अंग आत घातलं आणि स्वतःच दांडा धरला.

शेठनी त्याचं मनगट पकडलं. नथ्थू त्यांच्यापेक्षा तगडा. दांडा हलू लागला. शेठनी दुसराही हात घातला आणि सगळा भार मनगटावर टाकला. गुडघा दुखरा, त्या पायानं ब्रेक असा दाबला की मांडीत गोळा आला. मागं लाडकुंवर नवकार म्हणत होत्या, एकेक शब्द तोडून, मोठ्यानं.

"सोडा शेठ, मरशात!"

"तो मरेल!" शेठ किंचाळले. "समोर तो आहे, नथ्थू! तो आहे समोर!"

नथ्थूची बोटं सैल झाली.

पाट हवेच्या तोंडावर बसला असावा. आवाज घुसमटला. गाडी अंगात आल्यासारखी गदगदा हलली, दोन आचके दिले, आणि थांबली.

धुरातून अभिमन बाजूला आला. पाटाच्या कडेनं त्याचे दोन्ही तळवे सोलले होते.

"शेठ, पाय काढा आता."

"निघत नाही," शेठ म्हणाले. खरंच निघत नव्हता. लाडकुंवरनी उतरून, वाकून, दोन्ही हातांनी त्यांचा पाय ब्रेकवरून उचलला.

"मना हात सोडा," नथ्थू हळूच म्हणाला. तेव्हा शेठनी मूठ उघडली.

अभिमननं हाताला फडकं गुंडाळलं आणि लांब पान्यानं इंजिन हातानंच फिरवून पाहिलं. अडकत नव्हतं. "वाचलं," एवढंच म्हणाला. इंटरकुलर खोलून घमेल्यावर उलटा केला तेव्हा काळं तेल धार धरून पडत राहिलं. शेठ स्टुलावर बसून ती धार बघत होते. घड्याळ त्यांच्या मनगटावरच होतं, पण त्यांनी ते पाहिलं नाही.

सगळं धुऊन, वाळवून, परत बसवून झालं. अभिमन दारात आला. "शेठ, काळ चालू आहे अजून. थांबायचं?"

"धुतलंस ना नीट?"

"हो."

"मग लाव. तूच लाव."

अभिमन सीटवर बसला. शेठ उठले, पाट उचलला आणि बंपरच्या पुढं, भिंतीला पाठ लावून उभे राहिले. जागा किती होती ते त्यांना तेव्हा कळलं. बंपर नडगीला टेकत होता.

"शेठ, तिथून निघा. तुम्ही तिथं असताना मी बटण दाबत नसतो."

शेठ बाजूला झाले, पण पाट खाली ठेवला नाही. गाडी सुरू झाली. मऊ, एकसारखी चालू लागली. शिट्टी नाही, धूर नाही. बाहेरचे तिघंही तिच्याकडे बघत उभे होते आणि कोणाचाच चेहरा सैल होत नव्हता.

"बंद कर," शेठ म्हणाले.

अभिमननं बटण दाबलं. गाडी लगेच बंद झाली.

"आणखी एकदा," फुलचंदशेठ म्हणाले.