चौथ्या गटातलं मशीन

नाशिक रोडच्या ऑफिसात बसून रोशनी एकशे बारा कॉम्प्युटर सांभाळत असे. संस्थेच्या शाळा जिल्हाभर विखुरलेल्या, आणि यंदा त्या प्रत्येक मशीनवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवायची होती. तिने मशीनचे चार गट पाडले. पहिला ऑफिसातलाच, म्हणजे बिघडलं तर आपलं बिघडेल. तो आठवडाभर नीट चालला की शहरातल्या शाळा, मग तालुक्याच्या गावांतल्या, आणि शेवटी डोंगरातल्या. नियमही तिनेच लिहिले होते. तीन प्रयत्नांत जे मशीन अपग्रेड होणार नाही, तिथे पेनड्राइव्ह घेऊन स्वतः जायचं.

चौथ्या गटात आता एकच ओळ लाल उरली होती. सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेची, तिच्याच गावातली. फाइल साडेचार जीबीची, शाळेची लाइन सुतासारखी बारीक, त्यात दुपारी वीज गेली की संध्याकाळपर्यंत येत नसे, आणि त्या दिवसाचा प्रयत्न अर्ध्यावरच राहायचा. दोन प्रयत्न फसले होते. आज शुक्रवार, तिसरा प्रयत्न. तो फसावा असं रोशनीला मनापासून वाटत होतं.

दोन वर्षं ती घरी गेली नव्हती. ठरत आलेलं मास्तराचं स्थळ मोडून तिने ही नोकरी धरली, तेव्हा बा एवढंच बोलला होता, "काम नाशिकला हाय ना तुझं? मग तिथंच ऱ्हा. इथं काय काम निघालं तर ये." दुसऱ्या कुणी ते रागाचं बोलणं म्हणून सोडून दिलं असतं. रोशनीने ते शब्दशः घेतलं. आई फोनवर "ये गं" म्हणायची. बा फोनवर येत नसे.

बा, म्हणजे पुंजा, त्याच शाळेत शिपाई होता. सकाळी ऑफिस उघडून कॉम्प्युटर तोच चालू करायचा. दहाला पाच कमी असताना तिच्या पडद्यावर त्या मशीनपुढे ठिपका उमटे, आणि रोशनीला कळे की बाने दार उघडलं, खुर्ची पुसली, आता तो ओट्यावर उभा राहून कापणीला आलेल्या भाताकडे बघत असेल. रविवारी ठिपका उमटत नसे. तो दिवस तिला सरता सरत नसे.

"काय गं, दूध उतू जायला ठेवल्यासारखी बघतेस," शेजारच्या टेबलावरून मृण्मयी म्हणाली. ती पंचवटीतल्या भिक्षुकाची लेक, जिभेने तिखट.

"एकतीस टक्के झालंय."

"मग त्या गटाचा वेग कमी कर. फसेल आपोआप, आणि सोमवारी तू घरी."

"मग तो प्रयत्न धरता येणार नाही."

"आमचे यजमानसुद्धा एवढा कडक मुहूर्त पाळत नाहीत, बाई."

एक वाजता ठिपका विझला. वीज गेली. रोशनीने दौऱ्याचा फॉर्म उघडून त्यात सोमवारची तारीख भरली. कुठली पिशवी न्यायची, आईला काय घ्यायचं, हेही ठरून गेलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी ठिपका परत उमटला आणि आकडा धावत सुटला. चाळीस, पासष्ट, नव्वद. लाइनही वेगळीच दिसत होती. चारच्या सुमारास ओळ हिरवी झाली.

तिने शाळेच्या क्लार्कला, सुनीलला, फोन लावला. "ही लाइन कुणाची रे?"

"वरच्या गावातल्या सेवा केंद्राची, ताई. शाळेत लाइट गेली, वर होती, तर पुंजाकाका म्हणाले, पोरीचं काम अडलंय. मशीनचा डबा सोडवला, घोंगडीत गुंडाळला, आणि डोक्यावर घेऊन टेकडी चढले. मी म्हटलं गाडीवर नेऊ, तर म्हणे हादरे बसतील. तुमची फेरी वाचवली बघा."

जी फेरी तिला हवी होती, ती बाने डोक्यावर ओझं वाहून वाचवली होती.

"त्यांना फोन दे," ती म्हणाली.

पलीकडे आधी वारा ऐकू आला. मग बाचा आवाज, जरा खरखरीत. "झालं का काम?"

समोर एकशे बारा ओळी हिरव्या होत्या.

"नाय झालं, बा. थोडं राहिलंय. इथून नाय होत. यावं लागंल."

मृण्मयीने मान वर करून तिच्या हिरव्या पडद्याकडे बघितलं.

"सुनील तर म्हणतो झालं."

दोघांपैकी कुणी फोन ठेवला नाही.

"त्याला काय कळतंय," शेवटी बा म्हणाला. "तू येऊन बघ. कधी येतीस?"

"सोमवारी."

"सोमवार लांब हाय," बा म्हणाला.