शेजारी बसायचा बाक

मी एक जुना सागवानी बाक आहे, मित्रांनो, आणि माझा जन्मच तुरुंगातला. घाबरू नका, मी काही गुन्हा केला नव्हता! नागपूरच्या तुरुंगातल्या सुतारशाळेत कैद्यांनीच मला घडवलं आणि आतल्या दवाखान्यात, मनाचे आजार तपासायच्या खोलीत, नेऊन ठेवलं.

मोठे डॉक्टर देवराव सर दर मंगळवारी शिकाऊ डॉक्टरांना घेऊन तिथे येत. टेबल भिंतीकडे सारायचं आणि डॉक्टर व कैदी दोघांनी माझ्यावर शेजारी बसायचं, असा त्यांचा नियम. काय दिवस होते ते!

एकदा मिनल नावाची नवी डॉक्टर आली. तिच्यापुढे भिवापूरकडचा शालिकराम हा कैदी आणला. आल्याआल्या तो जमिनीवर उकिडवा बसला. मान खाली. हलेना की बोलेना. शिपाई म्हणाला, नाटक करतो. मिनल बिचारी पुस्तकं वाचून आलेली. तिला हे हलणं-बोलणं बंद होण्याच्या मोठ्या आजाराचं लक्षण वाटलं. सर हसले. साहेबापुढे असंच बसायचं ही तुरुंगाची रीत आहे, म्हणाले. आधी त्याला बाकावर घे, शिपायाला दाराबाहेर थांबव, मग काय ते ठरव.

शालिकराम माझ्या अगदी कडेला टेकला. मिनलने गुन्ह्याचं काढलंच नाही. घरी कोण असतं, जेवण जातं का, एवढंच विचारून ती गप्प बसून राहिली. बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, "मले आता जगावंसंच नाही वाटून राहिलं, बाई. कोनाले सांगू?"

आठवलं की अजून गलबलून येतं. तो तसाच बराकीत परत गेला असता तर? मिनलने त्याला दवाखान्यातच ठेवून घेतलं, एकटं सोडू दिलं नाही, औषध सुरू केलं. पुढे तो तिच्याशी मिरचीच्या भाजीवरून वाद घालायला लागला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मग सर निवृत्त झाले. खोलीत गुळगुळीत खुर्च्या आल्या आणि मला व्हरांड्यात काढलं. माझ्यावर रिकामी खोकी ठेवतात. राग येतो, का येऊ नये?

शालिकराम सुटला त्या दिवशी निरोप घ्यायला आला. खोकी खाली उतरवून बसला आणि मिनलला शेजारी बसवून म्हणाला, "तुमचं कसं चालून राहिलं, बाई?" इतक्या वर्षांत कुठल्याच डॉक्टरला हे कुणी विचारलं नव्हतं. मिनलला रडूच फुटलं.

मित्रांनो, मला पॉलिश नको. कुणाच्या तरी शेजारी बसून ‘तुमचं कसं चाललंय?’ एवढं एक विचारा. आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.