एका हाकेला दोघी

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं बसस्थानकात माईकवर गाड्या पुकारल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती उशिरा, वाटेत कुठे कुठे थांबणार, शंभर गावांची नावं एका दमात. आवाज असा की बाकावर झोपलेला प्रवासी दचकून उठायचा आणि बरोबर आपल्याच गाडीत जाऊन बसायचा. घरी आले की मात्र तोंडाला कुलूप. सगळे शब्द तिकडेच संपवून यायचे आणि माझ्यासाठी एक उरवून आणायचे. ‘अगं.’

‘अगं’ म्हणजे चहा. ‘अगं’ म्हणजे चष्मा कुठाय. ‘अगं’ म्हणजे दार वाजतंय, तू ऊठ, मी पेपर वाचतोय. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, त्यांच्या तोंडून माझं नाव मी एकदाच ऐकलं, बँकेतल्या कारकुनाला सांगताना, तेही आडनावासकट. पण बाई शिकते. सूर वर गेला की चहा, लांबला की काहीतरी हरवलंय, एवढं मला पाठ झालं होतं.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं, एक पुष्पगुच्छ मिळाला, आणि फलाटावर राहणारी एक कुत्री त्यांनी स्वतःच स्वतःला भेट दिली. तपकिरी, मरतुकडी, एका कानाचा शेंडा फाटलेला. दारात उभे राहून म्हणाले, "अगं, ही माझा आवाज ऐकत वाढलीय. उद्यापासून आवाज येणार नाही, वेडी शोधत बसेल." एवढं लांब ते वर्षभरात माझ्याशी बोलले नव्हते. मी नको म्हणायच्या आत ती घरात शिरली होती.

तिला नाव ठेवायचं राहूनच गेलं. नावं मात्र मी भरपूर ठेवली. खादाड, आळशी, पायात येणारी, आताच झाडलेल्या फरशीवर अंग झटकणारी. हे तिला हाक मारायचे ‘अगं’. म्हणजे एका हाकेला आम्ही दोघी. मी स्वयंपाकघरातून हात पुसत निघायची, ती तिच्या पोत्यावरून उठायची, आणि दारात आमची टक्कर व्हायची. मी विचारायची, "मला की हिला?" पेपर खाली न करता हे म्हणायचे, "जी आधी येईल ती." माझी बहीण हसून बेजार व्हायची. मी म्हणायची, हस बाई हस, तुझ्या नशिबी चार पायांची सवत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातून ब्रश पडला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. महिनाभराने दवाखान्यातून घरी आणलं, खुर्चीत बसवलं. मी पाठीशी उशी सारत होते, कुत्री पायाशी येऊन बसली होती, आणि हे म्हणाले, "अगं." मी तोंडावर हात धरून रडले. कुत्रीने जमिनीवर शेपटी आपटली. दोघींनाही वाटलं, आपल्यालाच.

बोलणं शिकवायला दर मंगळवारी एक मुलगी यायची. चित्रं दाखवायची. कप. "अगं." कंगवा. "अगं." बसचं चित्र समोर धरलं तेव्हा मी श्वास रोखून उभी राहिले, म्हटलं एकतीस वर्षं काय वाया जातील? "अगं." जाताना मुलीने मला बाजूला घेतलं. "काकू, काकांना कळतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. हा एक उरलाय, तो जपा. त्यांनी हाक मारली की कुणीतरी ओ द्यायचीच. ओ मिळेनाशी झाली की माणूस हाक मारायचं सोडून देतो, मग परत आणणं अवघड." वही उघडून तिने विचारलं, "अगं म्हणजे तुम्हीच ना?"

"मीच. दुसरी कोण?" मी म्हटलं.

दुसरी खुर्चीखालून उठली आणि तिचा हात चाटायला लागली.

खोटं कशाला बोलू, तेव्हापासून ते मला सलत राहिलं. शंभर गावं पुसली गेली, एक शब्द राहिला, तो माझा की कुत्रीचा? एकदा तर मी तिला न्हाणीघरात कोंडलं आणि वाट बघत बसले. हाक आली. गेले, पाणी दिलं, प्यायले. जिंकल्यासारखी तोऱ्यात तिला सोडायला गेले, तर तिने माझ्या चपलेचे दोन तुकडे करून ठेवलेले. शिवाय मागाहून मनात आलंच, तहानलेला माणूस पाणी कुणाच्याही हातचं पितो.

दुपारी त्यांचा धड राहिलेला डावा हात खुर्चीवरून खाली लोंबायचा. त्याच्याखाली तिचं डोकं. फाटक्या कानाचा शेंडा दोन बोटांत धरून ते तासन् तास कुरवाळत बसायचे. माझ्या डोक्यावरून तो हात कधी फिरला नाही. आमच्या वेळी तसं नव्हतं, असं मी मनाला समजावायची. पण वेळ तर तीच होती, फक्त कुत्रीची बरी निघाली. मला तिचा हेवा वाटायचा. या वयात, कुत्रीचा.

गेल्या महिन्यात तिने खाणं सोडलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं गेलीत, वय झालंय. रोज मी टॅक्सीत घालून तिला सलाईनला नेत होते. तिसऱ्या दुपारी ती टेबलावरच गेली. शेवटी शेवटी तिला डोळे उघडवेनात, तेव्हा मी वाकून तिच्या कानात म्हटलं, "अगं." अगदी ह्यांच्यासारखं. शेपटी एकदा हलली. ती काही माझ्यासाठी नव्हती, पण हलली.

रिकामा पट्टा पिशवीच्या तळाशी घातला आणि घरी आले. "डॉक्टरांनी चार दिवस ठेवून घेतलंय," मी ह्यांना सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे. मी चहा टाकायला आत पळाले.

पहिल्या दिवशी हाका थांबेनात. "अगं." ओ म्हणून जायची. पाणी? मान नाही म्हणून हलायची. चष्मा? नाही. उशी सरकवू? खिडकी लावू? संडासला जायचंय? नाही, नाही, नाही. चव्वेचाळीस वर्षांत जेवढे ‘अगं’ शिकले होते तेवढे सगळे संपले, आणि ते माझ्या कमरेमागून दाराकडे बघत राहिले. इतके दिवस मला उत्तर हवं होतं ना, घे म्हटलं, मिळालं उत्तर.

राग आला, नाही कशाला म्हणू. त्या दिवशी भांडी मी जरा जोरातच घासली.

पण दुसऱ्या दिवशी हाका निम्म्या झाल्या. तिसऱ्या दिवशी पाच. चौथ्या दिवशी एक, सकाळी. पाचव्या दिवशी दुपारचे तीन वाजले तरी घरात आवाज नव्हता. निवृत्तीचं ते घड्याळ तेवढं टिकटिकत होतं. हे दाराकडे बघत बसलेले, ओठ मिटलेले. मंगळवारच्या मुलीचं बोलणं मला आठवलं. मला वाटलं, हाक कुणाचीही असली तर असो, पण घरात ती असू दे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला असं वाटलं.

मी खुर्चीजवळ गेले. पोतं अजून तिथेच होतं, तिच्या केसांसकट. बसताना गुडघे कडकडले. खुर्चीच्या दांडीला पाठ लावून मी त्यांच्या हाताखाली डोकं धरलं. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारी चळली.

बराच वेळ काही झालं नाही. मग हात हलला. केसांवरून फिरला, हळू, मागे मागे गेला. मी डोळे मिटून घेतले. हा लाड माझा नाही हे मला कळत होतं, पण उठवेना. दोन बोटं कानाशी आली, वरचा शेंडा शोधायला लागली, तो अख्खाच निघाला. खाली सरकली. तिथे माझं कानातलं होतं. बोटं थांबली.

"ती गेली हो," मी म्हटलं. "त्या दिवशीच गेली. मी खोटं बोलले."

वर बघायचं धाडस झालं नाही. त्यांचं अंग हलत होतं, ते खुर्चीतून मला पाठीला कळत होतं. हात तिथेच होता, कानाची पाळी घट्ट धरलेली. मग त्यांनी मान दाराकडे वळवली असावी, कारण आवाज तिकडे गेला.

"अगं."

सूर मला नीट ठाऊक होता, पहिल्या दिवशीच्या हाकांचा. तो चहाचा नव्हता, चष्म्याचा नव्हता, माझा तर नव्हताच. जिची हाक होती ती काही आता येणार नव्हती.

"ओ," मी म्हटलं.