उलट्या ठोक्यांचं काळीज

बर्फाच्या कारखान्याच्या गोदामात भरदुपारी एवढी गर्दी, की बर्फालाच घाम फुटावा. खिडक्यांना पोती लावून अंधार केलेला. समोर पांढरी चादर, आणि तिच्यावर दिवा-भिंगाच्या करामतीने घागरीएवढं झालेलं एक काळीज धडधडत होतं.

"थांब!" काचबाबा गरजले. काळीज थांबलं.

"उलट फिर!" आणि खरोखर, डावीकडून उजवीकडे चालणारे ठोके उजवीकडून डावीकडे चालू लागले. एका आजीबाईंनी तर बाबांबरोबर बर्फाच्या लादीलाही नमस्कार ठोकला.

बाबांपुढच्या बरणीत बोटभर लांबीचा, पिंपाच्या आकाराचा, आरपार दिसणारा जीव तरंगत होता; चादरीवरचं काळीज त्याचंच. "हा समुद्राचा आत्मा! माझाच शब्द ऐकतो. एकवीस दिवस या बरणीतलं पाणी घ्या, तुमचं काळीजही माझं ऐकेल. सुरी नको, टाके नकोत!"

पहिल्या रांगेत माझा थोरला भाऊ मान डोलावत होता. दादाच्या काळजाची झडप गळत होती. सोमवारी शस्त्रक्रिया ठरलेली. उशीर झाला तर हाती काही उरणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि सकाळीच त्याने लेकीला सांगून टाकलं होतं, "रद्द कर." लेक इस्पितळात ठोक्यांचे आलेख काढते. बिचारी रडत रडत त्याच्यामागे इथवर आली होती.

मला हसावं की रडावं कळेना, कारण तो जीव मी ओळखत होतो. वीस वर्षं बोटीवर काढली. हे जीव अडकले की जाळं जड होतं, म्हणून आमची रीतच अशी, की जाळं भर समुद्रात झटकायचं नि मगच किनारा गाठायचा. त्यामुळे किनाऱ्यावर हा कुणी पाहिलाच नाही. मी मात्र सांगायचो, समुद्रात काचेची पिंपं तरंगतात, एकेकाच्या पोटातून पोरांची लांबच लांब साखळी निघते, नि त्यांचं काळीज घडीत सुलट, घडीत उलट चालतं. पण बोट गिळणाऱ्या खेकड्याची गोष्टही मीच सांगायचो. लोकांनी दोन्ही एकाच टोपलीत टाकल्या.

"दादा, त्याला कुणाचा हुकूम लागत नाही," मी कुजबुजलो.

"तू गप रे! जन्मात एकदा तरी खरं बोललास?"

"एकदा बोललेत," पुतणी म्हणाली. "शाळेत असताना काकांच्या सगळ्या थापा मी पुस्तकांत तपासल्या होत्या. ही एक खरी निघाली." तिची नजर चादरीवर होती, ओठ ठोके मोजत होते. मग ती उठली. "काचबाबा, चादरीकडे पाठ करून हुकूम द्याल?"

"श्रद्धा नसेल तर..."

"आहे ना! आत्म्याला तुमचा शब्द ऐकायचाय, तोंड थोडंच बघायचंय?"

गर्दीला पटलं. बाबांना वळावं लागलं. "थांब!" काळीज आपलं धडधड, धडधड. "थांब म्हणतो ना!"

"कानात पाणी गेलं असेल!" मागून कुणीतरी ओरडलं.

ठोके मंदावताच पुतणीने मला कोपराने ढोसलं. मी म्हणालो, "दमलास ना गड्या? टेक जरा." थांबलं! "आता उलट्या पावली घरी चल." फिरलं! हशा पिकला. आजीबाई पुढे घुसल्या, "सरा, मला सुनेवर हुकूम सोडायची तालीम करू दे!" आणि थोड्या वेळाने काळजाने त्यांचंही ऐकलं.

"हा साल्प," पुतणी म्हणाली. "एका टोकाने पाणी आत ओढतो, दुसऱ्याने सोडतो, त्यातच त्याचं पोहणंही होतं नि खाणंही. याचं काळीज थोडे ठोके इकडे रक्त ढकलतं, मंदावतं, थांबतं, मग तिकडे ढकलतं. बाबा फक्त मंदावण्याची वाट बघतात." मग ती दादाकडे वळली. "अप्पा, याच्या काळजाला झडपाच नाहीत, म्हणून याला उलटसुलट चालतं. आपल्याला झडपा असतात, रक्त एकाच दिशेने जावं म्हणून. तुमची गळते, रक्त मागे येतं. रक्त उलटं वाहणं हा तुमचा उपचार नाही अप्पा, तोच तुमचा आजार आहे."

बाबा बरणी उचलून मागच्या दाराकडे निघाले होते. दादाने छातीवर हात ठेवून स्वतःचे ठोके चाचपले.

"सोमवारी उपाशीपोटी यायचं ना गं?" त्याने विचारलं.

नवी झडप बसून आता वर्ष होईल. तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला तर जरूर डोळे विस्फारा, फुकटची मौज कोण सोडतो? पण औषध बंद करण्याआधी एवढंच विचारा: हा माणूस नसता, तर हे घडलं नसतं का?